बोटीच्या खिडकीचं घड्याळ

ते घड्याळ माझं नव्हतं. तरी सात दिवस ते माझ्या मनगटावर होतं, लोणावळ्याच्या सगळ्या बाजारानं ते पाहिलं, आणि त्याची मला ना तेव्हा लाज वाटली, ना आज वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघणार नाही.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काचेचं टेबल आणि एक खुर्ची, मागे फळ्यांचा आडोसा, आडोशामागे खिडकीखाली दुसरं टेबल. त्यामागे आमची राहायची खोली. पुढच्या खुर्चीवर नाना, म्हणजे माझे वडील, बसत. मागच्या टेबलाशी मी. गिऱ्हाइकांना वाटे, ही आतून नानांचा चहा घेऊन येते आणि तिथेच काहीबाही निवडत बसते. खरी गोष्ट अशी होती की तीन वर्षांपासून नानांचे दोन्ही हात कापत होते. चहाचा कप उचलला की निम्मा बशीत जायचा. असे हात केसाएवढ्या स्प्रिंगला लावून चालत नाही. म्हणून नाना पुढे बसून घड्याळ कानाला लावत, गिऱ्हाइकाशी चार गोष्टी बोलत, 'शनिवारी या' म्हणत, आणि घड्याळ आडोशामागे माझ्याकडे सरकवत. उघडणं, धुणं, तेल देणं, जोडणं हे सगळं माझं. बाहेर जाताना नाना हात कोटाच्या खिशात ठेवत. पाऊस असो नसो, कोट असायचाच.

मी दहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून हे काम शिकले होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आई नव्हती. लग्न केलं नव्हतं आणि करायचं नाही हे ठरवून टाकलं होतं, त्यामुळे त्या विषयात आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी नानांनी एक बेत केला. दसऱ्यापासून पुढची खुर्ची पुतण्याला द्यायची. पुतण्या म्हणजे वडिवळे गावचा माझा चुलतभाऊ, पंचविशीचा. भातखाचरातल्या चिखलाचा त्याला कंटाळा आला होता, बैठं काम हवं होतं. माणूस वाईट नव्हता. पण गजराच्या घड्याळाचा गजर कुठून बंद करतात हेसुद्धा त्याला शोधावं लागे.

"त्याला काम यायला कशाला हवं?" नाना म्हणाले. "तो पुढं बसेल, तू मागं करशील. आत्तासारखंच."

"आत्तासारखंच म्हणजे मरेपर्यंत मागं."

"अगं, पुढं बाई बसलेली बघून बंगलेवाले घड्याळ ठेवतील का?"

"तीन वर्षं ठेवतायत."

"त्यांना माहीत नाही म्हणून."

ते खरं होतं. मला ती खुर्ची हवी होती. मान म्हणून नव्हे. माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या तोंडून गिऱ्हाइकाला सांगितलं जातं आणि त्यात चुका होतात, हे मला सहन होत नव्हतं. चुलतभाऊ येऊन बसला होता, दसऱ्याला दोन महिने होते, आणि अशा वेळी श्रावणातल्या एका रविवारी ते घड्याळ आलं.

आणणारे साहेब मुंबईचे. लोणावळ्यात त्यांचा बंगला होता, मुंबईच्या समुद्रात स्वतःची शिडाची बोट होती. नाना वर्षानुवर्षं त्यांच्या हॉलमधल्या लंबकाच्या घड्याळाची देखभाल करत आले होते. घड्याळ बंगल्याच्या दगडी पायरीवर पडलं होतं आणि बंद झालं होतं. मुंबईत दिलं तर तिथले दुकानदार परदेशी पाठवतात, सहा महिने तरी जातात, असं ते म्हणाले.

"दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही," त्यांनी नानांना बजावलं. "तुम्ही स्वतः उघडायचं. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो."

नानांनी मान हलवली. हात टेबलाखाली होते. दोन मिनिटांत घड्याळ आडोशामागे आलं.

आता त्या घड्याळाबद्दल लिहिते, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमच्याकडे गावाजवळच्या नौदलाच्या शाळेतली शिकाऊ पोरं घड्याळं आणत, त्यामुळे समुद्रावरची घड्याळं मला नवी नव्हती. ती जाडजूड, भांड्यासारखी असतात. हे तसं नव्हतं. हे पोलादाचं होतं, पण सोनारानं करावं तसं केलेलं. आकार बोटीच्या गोल खिडकीचा. समुद्रात उतरणाऱ्या बोटीला जी जाड काचेची खिडकी असते, कडेला पोलादी कडं आणि कड्यावर स्क्रू, तशी हुबेहूब, फक्त रुपयापेक्षा थोडी मोठी. दोन्ही बाजूंना बिजागरीसारखे दोन छोटे कान. काचेभोवतीच्या कड्यावर आठ स्क्रू उघड्यावर, लपवालपवी नाही. तबकडी गडद निळी आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा, बोटीच्या डेकवर फळ्या टाकतात तशा. काटे रुंद, आकडे नाहीतच, आकड्यांच्या जागी पांढरे ठोकळे. पट्टा पोलादाचाच, आणि तो घड्याळाला जोडलेला वाटत नव्हता, घड्याळातून उगवलेला वाटत होता. एकेक कडी मागच्या कडीपेक्षा किंचित अरुंद. हातात धरून वाकवला की पाण्यासारखा ओघळायचा.

पोलादावर दोन प्रकारचं काम होतं. सपाट भागावर एका दिशेनं ओढलेल्या बारीक रेघा, उन्हात न चमकणाऱ्या. कडांवर आरशासारखी पॉलिश. जिथे ही दोन मिळतात तिथे धार अशी सरळ की नखाला लागावी. ज्यानं आयुष्यात एकदा तरी कानस धरली आहे त्याला कळेल की हे किती कठीण आहे. मला कळलं.

चुलतभाऊ डोकावला. "काका, ह्ये सोन्याचं न्हाई व्हय?"

"पोलादाचं," नाना म्हणाले. "पण सोन्याच्या चार घड्याळांना भारी."

"मग साहेबाला कुनी फसवला का काय?"

"पोलादाला सोन्याचा भाव देणारा एक तर येडा असतो, नाहीतर त्याला काम कळतं," नाना म्हणाले. "हा कुठला ते मला अजून समजलं नाही."

मला विचाराल तर त्या घड्याळाचं मोल त्याच्या स्पष्टपणात होतं. तेव्हा बायकांसाठी जी घड्याळं मिळत त्यांची तबकडी शेंगदाण्याएवढी असायची. वेळ बघायला ती डोळ्यापाशी न्यावी लागत. ती घड्याळं बाईनं वेळ बघावी म्हणून नव्हतीच, लोकांनी तिचं मनगट बघावं म्हणून होती. मी शेकडो दुरुस्त केली, एकही घालावंसं वाटलं नाही. हे घड्याळ मात्र हात लांब ठेवूनही वाचता येत होतं. ते कशाचं बनलं आहे आणि कशासाठी बनलं आहे हे ते लपवत नव्हतं. नाजूकपणाचा आव नव्हता आणि तरी त्यात एकही ढोबळ रेघ नव्हती. असं काही माणसाला करता येतं हे पाहून मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला, की हे बघायला मला एकतिसावं वर्ष लागलं.

सोमवारी मी त्याला हत्यार लावलं नाही. नुसतं भिंगातून बघत बसले. चुलतभाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.

"अक्का, बगत काय बसलीस? वरचे आट स्क्रू काड, झालं."

मी त्याचा हात बाजूला केला. "स्क्रूच्या खाचा बघ. कशा आहेत?"

"कशा म्हंजी? खाचा हायेत."

"सगळ्या खाचा कड्याच्या गोलाईला धरून आहेत. आठही. स्क्रू आवळला की खाच कुठेही थांबते, अशा रांगेत आठ खाचा कधी थांबत नाहीत. म्हणजे हे वरून फिरतच नाहीत. मागून फिरतं काहीतरी. वरून जोर लावलास तर कड्यावर ओरखडा, आणि तो ओरखडा तुझ्या नातवालाही भरून काढता येणार नाही."

त्यानं घड्याळ उलटं केलं. मागे आठ बारीक नळ्या होत्या, फिरवायच्या. "आयला," तो म्हणाला, आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला. हे त्याचं मला आवडायचं, चूक कळली की वाद घालत नसे.

मंगळवारी उघडलं. आत काही तुटलं नव्हतं. पायरीवर आपटल्यानं एक स्क्रू सुटून चाकांमध्ये अडकला होता, तीळ निम्मा करावा एवढा. तो काढला, मशीन धुतलं, तेल दिलं, स्क्रू जागेवर बसवला. बॅलन्सचं चाक मागेपुढे झुलायला लागलं तेव्हा मी भिंग काढून ठेवलं. नाना आडोशाशी येऊन कान देऊन उभे होते. "चाललं," एवढंच म्हणाले.

आमच्या लोणावळ्यात पावसाळ्यात घड्याळाचं झाकण बंद करायची एक पद्धत होती. हवा इतकी ओली की बंद पेटीतल्या मिठाचंही पाणी होतं. म्हणून जोडलेलं घड्याळ तासभर विजेच्या दिव्याजवळ पत्र्यावर ठेवायचं. उष्णतेनं आतली ओल फटींतून निघून जाते. हीच पद्धत नानांनी मला शिकवली होती, मी ती हजार वेळा केली होती, आणि त्या दिवशीही विचार न करता केली. पाणी अडवणारी रबरी रिंग नीट बसवली, आठही नळ्या आवळल्या, दिव्याजवळ ठेवलं.

बुधवारी सकाळी खिडकीतून थंड धुकं आत आलं होतं आणि घड्याळाच्या काचेला आतून धुकं धरलं होतं. फळ्यांच्या रेघा दिसेनात. काटे पाण्याखाली गेल्यासारखे.

कारण कळायला मला क्षणही लागला नाही. साध्या घड्याळाला फटी असतात म्हणून ओल निघून जाते. ह्याला फटच नाही. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून ज्यांनी एवढी मेहनत घेतली होती, त्यांच्या घड्याळात मी लोणावळ्याचं धुकं कोंडून बरोबर आवळून टाकलं होतं. चार दिवस तसंच राहिलं असतं तर आतल्या पोलादाला गंज धरला असता, आणि मग परदेशातही त्याचं काही झालं नसतं.

नानांनी बघितलं. "साहेबांना सांगू, पाणी आधीच गेलं होतं," ते म्हणाले.

"गेलं नव्हतं."

"मग काय सांगू?"

"काही सांगू नका. मी बघते."

'बघते' म्हटलं, पण काय बघणार ते माहीत नव्हतं. पुन्हा उघडायचं तरी त्याच हवेत उघडायचं आणि त्याच हवेत बंद करायचं. अख्ख्या गावात कोरडी हवा कुठे होती? दोन दुकानं सोडून चिक्कीवाली मावशी होती. मी घड्याळ रुमालात बांधून तिच्याकडे जाऊन बसले, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ती मागच्या खोलीत भट्टीपाशी डब्यांत चिक्की भरत होती.

"काय गं, तोंड पाडून आलीस?"

मी घड्याळ दाखवलं.

"आत वाफ कशी गेली? ह्या असल्यात पानी शिरत न्हाई म्हनत्यात."

"शिरत नाही म्हणूनच निघतही नाही. होती ती आतच राहिली."

"मग तू झाकन कुटं लावलंस?"

"कुठं म्हणजे? दुकानात. टेबलावर."

मावशीनं हातातला डबा दाबून बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी मी शाळेतली पोर आहे. "शिकल्याली बाई तू. आमी श्रावनात चिक्की दुकानात भरतो व्हय? हितं भट्टीपाशी भरतो आन् हितंच झाकन लावतो. भाईर नेऊन भरली तर दोन दिसांत पाघळती. डब्याचा काय दोष? तू जी हवा भरशील ती त्यो राखतो."

मी उभी राहिले. "मावशी, उद्या दुपारी मला ही खोली देशील?"

"आन् माझी टरफलं उडत्यात ती?"

"तुझं काम झाल्यावर. भट्टी पेटती ठेव, पण शेंगदाणे चोळायचे नाहीत."

"म्हंजी माझ्या भट्टीत साहेबाचं घड्याळ भाजनार. बरं हाय. गूळ घालू का थोडा?"

गुरुवारी दुपारी तिनं फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि ती सुकेपर्यंत दार लावून ठेवलं. मी डोक्याला घट्ट फडकं बांधलं, पदर खोचला, पाटावर पांढरा कागद पसरला. खोली अशी कोरडी की ओठ चिकटत होते. घड्याळ उघडलं आणि मशीन काचेच्या उलट्या बरणीखाली तासभर ठेवलं, भट्टीपासून इतक्या अंतरावर की तेल पातळ होऊ नये. मावशी दाराशी राखण बसली. कुणीतरी चिक्की घ्यायला आलं त्याला तिनं "आत बाळंतीन हाय" म्हणून परत पाठवलं. मग तिथेच, त्या हवेत, मी आठही नळ्या आवळल्या.

बाहेर आल्यावर काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवला. आत ओल असेल तर थेंबाच्या खाली धुकं जमतं. थेंब पुसला. खाली निळा रंग तसाच, रेघा तशाच. मी पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला. मावशीनं स्वतः बोट बुडवून एक थेंब ठेवला, तिचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तिलाही बघायचं होतं म्हणून.

आता मनगटाचा प्रश्न आला. आमच्या दुकानाचा नेम होता की दुरुस्त केलेलं घड्याळ ज्यानं दुरुस्त केलं त्यानं आठ दिवस स्वतःच्या हातावर घालून बघायचं. टेबलावर चालणारं घड्याळ हातावर बंद पडू शकतं. गेली तीन वर्षं दुरुस्ती माझी असायची आणि मनगट नानांचं. नानांनी सवयीनं हात पुढे केला.

"तुमच्या हातावर नको," मी म्हणाले.

"का?"

"हे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं घड्याळ आहे. तुमचा हात बसल्याजागीही हलतो. चावी कधी उतरणारच नाही. चावी नीट भरतेय की नाही ते कळणार कसं?"

हात कापतो हे आमच्या घरात तीन वर्षांत कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. नानांनी हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. मला वाईट वाटलं, पण जे बोलले ते खरं होतं, आणि घड्याळाला खऱ्याशीच काम असतं.

"मग माज्याकडं दे," चुलतभाऊ म्हणाला. "म्या घालतो."

"आणि सायकलवर कामशेतला जाऊन सगळ्यांना दाखवतोस. नको. माझ्या हातानं उघडलंय, माझ्याच हातावर चालेल."

"लोकं काय म्हंत्याल, अक्का? बाप्याचं घड्याळ."

"म्हणू दे. त्यांना बोलायलाही वेळ कळली पाहिजे ना."

पट्टा मला मोठा होता. कड्या काढायचा मला अधिकार नव्हता, म्हणून मनगटाला रुमालाची घडी गुंडाळून वरून घड्याळ घातलं. दोन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या त्या दुसऱ्या हातात सरकवल्या. जड होतं. पण ते जडपण दगडासारखं नव्हतं, भरलेल्या तांब्यासारखं होतं, हाताला कळत राहणारं.

ते घालून मी सगळं केलं. भाकरी थापल्या, पीठ निघावं म्हणून सरळ नळाखाली हात धरला. कोपऱ्यावरच्या नळावर कपडे धुतले, आपटले, पिळले. बाजारात गेले. भाजीवाला म्हणाला, "काय ताई, बोट कुठं लावलीय?" मी म्हणाले, "तुझ्या वांग्यांच्या मागे. सरक जरा." नळावर एक बाई दुसरीला मला ऐकू जाईल असं म्हणाली, "गळ्यात काही नाही, मनगटात बघ केवढं." मी घड्याळाकडे बघून म्हणाले, "दहा वाजून बारा मिनिटं झाली. नळ साडेदहाला जातो. भांडी घासा." पुढे ती दर सकाळी मलाच वेळ विचारायला लागली.

रोज सकाळी रेल्वेच्या घड्याळाशी मिळवून बघत होते. सात दिवसांत फरक इतका कमी की नानांनी स्वतः चालत स्टेशनवर जाऊन खात्री केली.

आठवा दिवस बाकी होता. साहेब रविवारी येणार होते, पण कसली तरी सुट्टी जोडून आली म्हणून ते आधीच आले. मी नळावरून धुण्याची बादली घेऊन येत होते. दुकानात पुढच्या खुर्चीवर चुलतभाऊ बसला होता, नाना चहाला गेले होते, साहेब टेबलासमोर उभे. त्यांनी आधी बादलीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मनगटावर साबणाचा फेस होता.

"हे घड्याळ," ते म्हणाले.

"तुमचंच आहे. उद्या मिळेल. एक दिवस बघायचं राहिलंय."

"काय बघायचं राहिलंय? तुम्ही ते घालून कपडे धुताय."

"पाण्यातलं घड्याळ आहे. पाण्यात घालून बघायला नको?"

चुलतभाऊ घाईनं उठला, पण खुर्चीपुढून हलला नाही. "साहेब, तसं न्हाई. दुरुस्ती काकांनीच केलीया. आमच्या अक्कानं आपलं हौसंनं घातलं. बायामान्सांचं काय, नवं दिसलं की घातलं."

तो मला वाचवायलाच बोलला, मला माहीत आहे. ते वाक्य तसंच राहू दिलं असतं तर साहेब चार शब्द बोलून घड्याळ घेऊन गेले असते, दुकानाचं नाव राहिलं असतं, आणि दसऱ्याला तो त्याच खुर्चीवर बसला असता, तीच वाक्यं बोलत, वीस वर्षं. मी बादली खाली ठेवली.

"हौसेनं नाही घातलं," मी म्हणाले. "मी उघडलं, मी जोडलं, म्हणून घातलं. आमच्यात जो दुरुस्त करतो तोच घालून बघतो."

तेवढ्यात नाना आले. दारातच थांबले. साहेबांनी वळून विचारलं, "काय हो, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? ही म्हणते घड्याळ हिनं उघडलं. खरं आहे?"

नाना आत आले, कोटाच्या खिशातून दोन्ही हात काढले आणि काचेच्या टेबलावर ठेवले. काचेवर चिमटा ठेवलेला होता. तो वाजायला लागला, बारीक, थांबतच नव्हता.

"हे हात, साहेब," नाना म्हणाले. "तीन वर्षं झाली. तुमच्या हॉलमधलं लंबकाचं घड्याळ गेल्या पावसाळ्यात दुकानात आणलं होतं, तेही तिनंच केलं. बंद पडलंय का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग झालं तर."

मी घड्याळ काढलं, पुसलं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला, पुसून दाखवला. आणि पहिल्यांदा आत धुकं धरलं होतं तेही सांगितलं, कारण लपवायचं तर मग ती खुर्ची कशाला हवी होती? चिक्कीच्या भट्टीचंही सांगितलं.

"भट्टीत," साहेब म्हणाले. "माझं घड्याळ चिक्कीच्या भट्टीत."

"भट्टीत नाही, भट्टीच्या खोलीत. समुद्राचं पाणी ते अडवतं. लोणावळ्याची हवा आधीच आत असली तर तिला कोण अडवणार? पुढे कधी पावसाळ्यात कुणी इथं उघडलं तर त्याला हे सांगा."

त्यांनी घड्याळ कानाला लावलं, हातावर चढवलं, पट्ट्याची पकड दोनदा उघडून मिटली. ओरखडा शोधत होते. नव्हता. "मी बंगल्यांवर सगळ्यांना सांगणार आहे," ते दारातून म्हणाले.

"सांगा. दुकान इथंच आहे."

ते गेले तरी चुलतभाऊ खुर्चीपुढे उभाच होता.

"सरक," मी म्हणाले.

तो सरकला. मी बसले. खुर्ची माझ्यासाठी फार उंच होती, पाय टेकत नव्हते, दुसऱ्या दिवशी सुताराकडून चार बोटं कापून घेतली. नाना गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. फळ्यांचा आडोसा आम्ही पुढच्याच आठवड्यात काढला, खिडकीचा उजेड पुढपर्यंत यायला लागला. मला तो आधीच हवा होता.

साहेबांनी खरंच सांगितलं. तीन बंगल्यांची घड्याळं यायची बंद झाली. नौदलाच्या पोरांना काही फरक पडला नाही, त्यांना घड्याळ चालल्याशी मतलब. चुलतभावाला तळेगावच्या एका कारखान्यात काम लागलं आणि तो तिथे खूश होता. त्याचं घड्याळ बिघडलं की माझ्याकडेच घेऊन यायचा आणि नवीन गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या अक्कानं एकदा साहेबाचं घड्याळ भाजलं हुतं."

मी पुढे स्वतःसाठी एक साधं, मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ घेतलं. ते अजून चालतं. त्या पोलादी घड्याळाच्या जवळपासही ते जात नाही हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी कुढतही नाही. एकदा हातात धरून, उघडून, बंद करून झालं होतं. तेवढं ज्यांनी ते विकत घेतलं त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळालं असेल.

साहेब पुन्हा दुकानात आले नाहीत. पुढच्या श्रावणात मी त्यांची वाट बघत होते. मोटार थांबली की मान वर व्हायची. काचेला आतून एक ठिपका जरी धुकं धरलं असतं, तर ते पहिल्याच रविवारी माझ्या टेबलासमोर उभे राहिले असते, मला खात्री आहे.

ते आले नाहीत.